एकतीस नंबरचा ट्रॅक

मी पोटासाठी आवाज मिसळते. पॉडकास्ट, ऑडिओबुकं, कुणाचं लग्नाचं गाणं, कुणाची शॉर्ट फिल्म. पुण्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून. लोकांना वाटतं, या कामात दिवस गाणी ऐकण्यात जातो. दिवस जातो तो शोधण्यात. 'ऑडिओ १७' म्हणजे गिटार की पाऊस? 'ऑडिओ १७_०२' हा चांगला टेक की फसलेला? जो आवाज ऐकू येतोय त्याचा ट्रॅक स्क्रीनवर का दिसत नाही, आणि जो ट्रॅक दिसतोय त्याचा आवाज का येत नाही? लॅपटॉपवर एका वेळी पंधरा-सोळा ट्रॅक दिसतात. प्रोजेक्टमध्ये असतात साठ. उरलेल्यांसाठी वर-खाली, वर-खाली.

ही कटकट मी बरीच वर्षं फक्त कटकट म्हणून मोजत होते. वेळ खाते, डोकं दुखवते, तिचे पैसे क्लायंट देत नाही, एवढंच. तिच्यात चूक-बरोबरचा, चांगलं-वाईट वागण्याचा काही प्रश्न असेल असं वाटलं नव्हतं. २०२१च्या आषाढीनंतर ते बदललं.

*

माझी मावशी सासवडजवळच्या एका गावात असते. तिथे बायकांचं भजनी मंडळ आहे. माउलींची पालखी त्यांच्या भागातून जाते, आणि त्यातल्या बऱ्याच जणी दरवर्षी काही टप्पे तरी पायी चालतात. २०२१ हे सलग दुसरं वर्ष होतं, जेव्हा पायी वारी नव्हती. पादुका एसटीने पंढरपूरला जाणार होत्या. मंडळाने ठरवलं, की आपण तुकोबांचा एक अभंग आपापल्या घरी बसून म्हणायचा, आणि सगळ्यांचा मिळून एक व्हिडिओ आषाढी एकादशीला, २० जुलैला सकाळी, सगळ्यांना पाठवायचा. 'तू ते सगळं जोडून दे गं,' मावशी म्हणाली. मी हो म्हटलं. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

मी पेटीवर एक गाइड ट्रॅक करून पाठवला आणि सोबत सूचना. एका फोनवर गाइड लावून इयरफोनने ऐका, दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला चार टिकटिक ऐकू येतील, चौथ्या टिकेवर एक टाळी वाजवा. गाताना फोन तोंडाजवळ धरा, हलवू नका. टाळी कशासाठी? प्रत्येकीच्या रेकॉर्डिंगची सुरुवात वेगळी असते. सगळ्यांची टाळी एका रेषेत आणली, की गाणं आपोआप एका रेषेत येतं. सिनेमाच्या शूटिंगमध्ये क्लॅप देतात ते याच कारणासाठी.

चौतीस बायकांनी पाठवलं. कुणी एकदाच गाऊन, कुणी दोनदा, कुणी तीनदा. सगळं आधी मावशीकडे जमा झालं आणि मावशीने एका रात्री ते एकगठ्ठा मला फॉरवर्ड केलं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या आवाजाच्या फाइलीला कुणाचं नाव नसतं. 'पीटीटी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि एक आकडा. तो आकडा म्हणजे त्या दिवशी माझ्या फोनवर ती कितवी आली, एवढंच. गाणारी कोण, हे फॉरवर्ड करताना गळून गेलं होतं. माझ्यापुढे एकसष्ट फाइली होत्या, आणि त्या गाणाऱ्या चौतीस बायकांपैकी मी फक्त मावशीचा आवाज ओळखत होते.

त्या रात्री करायला हवं होतं ते मला माहीत होतं. मावशीला फोन लावायचा, एकेक फाइल ऐकवायची, तिने नाव सांगायचं, मी ते ट्रॅकवर लिहायचं. तास-दीड तासाचं काम. मी ते केलं नाही. एकसष्ट फाइली ओढून सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या. त्याने त्यांना १ ते ६१ आकडे दिले आणि मी टाळ्या जुळवायला बसले.

एकतीस नंबरच्या फाइलमध्ये टाळी नव्हती. म्हातारीचा आवाज होता, थोडा कापरा, पण मोकळा. टाळी नसल्यामुळे मी ती फाइल अंदाजाने बसवली. ती सगळ्यांच्या मागून येत होती आणि बाकीच्या जुळवताना मध्ये मध्ये करत होती. 'नंतर बघू' म्हणून मी म्यूट दाबलं.

पुढच्या दोन दिवसांत प्रत्येकीचा चांगला टेक निवडला आणि नको असलेले टेक म्यूट करत गेले. शेवटी स्क्रीनवर फार गर्दी झाली, म्हणून म्यूट असलेले सगळे ट्रॅक एकदम निवडले आणि लपवून टाकले. ही सोय बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ट्रॅक प्रोजेक्टमध्येच राहतो, फक्त डोळ्यांसमोरून जातो. नको असलेले टेक सत्तावीस होते. लपलेले ट्रॅक अठ्ठावीस. मी मोजले नाहीत. चौतीस आवाजांच्या जागी तेहतीस वाजत होते आणि ऐकायला छान वाटत होतं.

एकादशीला सकाळी व्हिडिओ गेला. त्यात चौतीस जणींचे फोटो होते. दुपारपर्यंत तो गावाबाहेर, मुंबईतल्या नातवंडांपर्यंत पोचला होता.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. एका आजींचा नातू तिच्याकडे आला होता. आजींनी व्हिडिओ आठ-दहा वेळा लावून घेतला होता. फोन कानाला लावून, आवाज पूर्ण वाढवून. त्यांना स्वतःचा आवाज सापडत नव्हता. त्यांनी तक्रार केली नव्हती. नातवाला एवढंच म्हणाल्या होत्या, 'माझं कान गेलं रं आता. सगळ्या ऐकू येत्यात, मीच येत न्हाई.'

तो त्यांना कानाच्या डॉक्टरकडे कधी न्यायचं, हे विचारायला आला होता.

*

मी प्रोजेक्ट उघडला, लपलेले ट्रॅक दाखवा म्हटलं, आणि एकतीस नंबर तिथे होता. करडा झालेला, म्यूटचं बटण पेटलेलं.

या प्रसंगात मला छळणारी गोष्ट अशी, की आजींना गाळायचं असं कुणी ठरवलंच नव्हतं. मी तसं ठरवलं असतं, तर ती वाईट का होईना, पण कृती झाली असती. तिच्याबद्दल मला जाब विचारता आला असता, मला कारण देता आलं असतं, किंवा लाज वाटली असती. इथे तीन साध्या क्लिक होत्या आणि त्यातली एकही वाईट नव्हती. आधी म्यूट, मग निवड, मग लपवा. प्रत्येक क्लिकमागे पटण्यासारखं कारण होतं. त्या तिघींच्या बेरजेत एक माणूस नाहीसा झाला.

मग दोष कुणाचा? 'हेतू नव्हता, म्हणजे दोष नाही,' असं मी स्वतःला दोन दिवस सांगून पाहिलं. त्याला एक प्रश्न आडवा येत होता. पेटीचा ट्रॅक चुकून लपला असता, तर तो मी विसरले असते का? पखवाजाचा? मावशीचा? शक्यच नाही. पहिल्याच ऐकण्यात लक्षात आलं असतं. म्हणजे माझं विसरणं आंधळं नव्हतं. कुणाला विसरलं तर चालेल, याचा त्याला चांगला अंदाज होता. ज्यांच्यावाचून मला काही अडत नव्हतं, तेच विसरले गेले. हेतू नव्हता हे खरं. पण माझ्या नजरेत कोण मोठं आणि कोण छोटं याची उतरंड होती, आणि माझा विसराळूपणा तिच्या पायऱ्या उतरत सगळ्यात खाली गेला.

*

आपल्याकडच्या दर्शनांमध्ये एक जुना वाद आहे. मी संस्कृतची विद्यार्थिनी नाही, पण हा वाद कळल्यापासून मिक्स करताना रोज आठवतो. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? डोळ्यांना तर नुसती जमीन दिसते. 'घडा नसणं' दिसतं कुठे? उत्तरकालीन वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानलं, म्हणजे नसणं हीसुद्धा जगातली एक खरी बाब. नैयायिक म्हणाले, अभाव इंद्रियांनीच कळतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, नाही, त्याच्यासाठी वेगळं प्रमाण लागतं, आणि त्याला त्यांनी अनुपलब्धी म्हटलं. मिळायला हवी होती ती गोष्ट न मिळणं, हेच ज्ञानाचं साधन.

या वादातल्या दोन अटी मला थेट माझ्या स्क्रीनवर लागू होताना दिसतात. पहिली : अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. घडा म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला 'घडा नाही' हे कधीच कळणार नाही. त्याला फक्त जमीन दिसेल. दुसरी : ती गोष्ट असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून तो नाही असं म्हणता येत नाही.

मी दोन्ही अटी मोडल्या होत्या. लपवलेल्या ट्रॅकची यादी ही माझी अंधारी खोली. आणि नावं न लिहिल्यामुळे माझ्यापाशी प्रतियोगीच नव्हता. एकसष्टांतला एक आकडा कमी झाला तर कुणाला जाणवणार? आकडे एकमेकांच्या जागी चालतात. आजींना मात्र पहिल्यांदा ऐकताच कळलं होतं, कारण त्या कुणाला शोधतायत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचं ज्ञान अचूक होतं. आवाज नव्हताच. पण त्यांच्यासमोर माझं सॉफ्टवेअर होतं, इंजिनियर म्हणवणारी मी होते, चौतीस फोटोंचा व्हिडिओ होता. एवढ्या सगळ्यांपुढे त्यांनी स्वतःच्या कानांवरचा विश्वास सोडला. मी केलेलं खरं नुकसान हे होतं. आवाज नंतर परत घालता आला. तीन दिवस एक बाई बरोबर ऐकत असूनही स्वतःला बहिरी समजत होती, ते परत घेता आलं नाही.

*

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात नावाचा एक सुंदर प्रसंग आहे. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना ही भाषाही माहीत नव्हती आणि गाणारीही. कुठल्या तबकडीवर कुठलं लेबल लावायचं? म्हणून तीनेक मिनिटांचं गाणं संपलं, की गौहरजान स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगायची. त्या काळच्या इतर कलाकारांच्या तबकड्यांवरही अशा घोषणा ऐकू येतात. आज ते ऐकताना गंमत वाटते, थोडी ऐटही वाटते. मूळ कारण मात्र वर्कफ्लोचं होतं. फाइलीचं नाव फाइलीच्या आतच ठेवलं, की ती कुणीही, कुठेही फॉरवर्ड करा, नाव गळत नाही.

पुढे एकाच खोलीत सगळे वादक आणि गायक बसून गाणं मुद्रित होऊ लागलं. एखादा व्हायोलिनवाला आला नसेल, तर त्याची खुर्ची रिकामी दिसायची. कुणाचा आवाज कमी हवा असेल, तर त्याला माइकपासून दोन पावलं मागे जायला सांगावं लागायचं, तोंडावर. १९५७मध्ये ॲम्पेक्सचं आठ ट्रॅकचं यंत्र लेस पॉलकडे आलं. पण आठही काही सगळीकडे लगेच मिळाले नाहीत. बीटल्सचा १९६७चा 'सार्जंट पेपर्स' चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाला. चार भरले, की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि पुढचं मुद्रण करायचं. एकदा उतरवलं, की आतले आवाज पुन्हा सुटे होत नसत. त्यामुळे कोण किती मोठ्याने ऐकू येणार, हे तिथल्या तिथे ठरवावं लागायचं.

मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही. त्या काळी चौतीस घरांतल्या चौतीस बायकांना एक अभंग एकत्र म्हणताच आला नसता. पण त्या यंत्रांच्या तोकडेपणात एक गोष्ट आपोआप व्हायची. गाळणाऱ्याला ठरवावं लागायचं. माझ्याकडे शेकडो ट्रॅकची सोय आहे, अनडू आहे, लपवा आहे, म्यूट आहे. मी काहीच खोडत नाही, म्हणून मला वाटत राहतं की मी कुणालाच गाळत नाही. 'नंतर बघू'ला जागेची मर्यादा उरली नाही, आणि ज्याला मर्यादा नाही त्या 'नंतर'कडे परत कोण जातं?

*

मिक्सिंग करणाऱ्या एका मित्राला हे सगळं सांगितलं, तेव्हा तो वैतागला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : 'मिक्स म्हणजे निवड. सगळ्यांना सारखं ऐकवायचं तर बाजार भरतो, गाणं होत नाही. चौतीस हौशी आवाजांत एक कमी झाला तर गाण्याचं काय बिघडलं? तू चुकून केलंस, मी मुद्दाम केलं असतं.'

त्याचं अर्धं मला पटतं. निवड करावीच लागते, आणि गाण्यासाठी आवाज गाळणं हा गुन्हा नाही. पण त्याच्या शेवटच्या वाक्यात माझं उत्तर होतं. त्याने मुद्दाम केलं असतं, तर त्याने तो आवाज ऐकला असता. निदान एकदा, त्याच्याकडे लक्ष देऊन. मी ऐकलाच नव्हता.

परत ऐकला तेव्हा काय सापडलं ते सांगते. आजी बेताल नव्हत्या. मी फाइल अंदाजाने बसवली होती ती पाव सेकंद मागे बसवली होती. ओढून पुढे घेतली, तशा त्या लयीत आल्या. एक वेगळेपण उरलं : ओळीच्या शेवटी बाकीच्या थांबल्यावर त्या शेवटचा स्वर थोडा जास्त धरायच्या, दिंडीत मागच्यांपर्यंत पोचावा म्हणून धरतात तसा. आणि टाळी का नव्हती? नातवाने सांगितलं, 'तुम्हीच म्हणला होता ना, फोन हलवू नका. तिनं दोन्ही हातांनी धरलेला.' माझ्या दोन सूचना एकमेकींच्या आड येत होत्या. बाकीच्यांनी दुसरी थोडी मोडली होती. आजींनी ती तंतोतंत पाळली होती.

नवा मिक्स केला, मावशीला पाठवला. पहिला व्हिडिओ तोवर इतका फिरला होता, की तो मागे घेणं शक्य नव्हतं. अजूनही कुणाच्या तरी फोनमध्ये तेहतीस आवाजांचाच अभंग असेल. आजींशी फोनवर बोलले, माफी मागितली, कान ठीक आहेत म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, 'असू दे बाळा, मशीनची चूक.' मी म्हटलं, 'मशीनची नाही आजी, माझी.' त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पाऊस कसा आहे ते विचारलं.

त्यांचं नाव आता त्या ट्रॅकवर लिहिलेलं आहे. इथे लिहीत नाही, कारण इथे लिहू का असं मी त्यांना विचारलेलं नाही.

*

तेव्हापासून काही नियम केले आहेत. ऐकायला क्षुल्लक आहेत. फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या आधी तिला माणसाचं नाव द्यायचं. नंतर दिलं तर ते फक्त ट्रॅकला चिकटतं, मूळ फाइल आकड्याचीच राहते आणि पुढच्याला तोच अंधार मिळतो. म्यूट केलेला ट्रॅक लपवायचा नाही, गर्दी झाली तर होऊ दे. आणि शेवटचा मिक्स बाहेर काढायच्या आधी म्यूट असलेल्या प्रत्येक ट्रॅकचं नाव मोठ्याने वाचायचं. एकटीच असते खोलीत, तरी मोठ्याने. नाव तोंडातून बाहेर पडलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो : हा का गप्प आहे?

नियम नेहमी पाळले जात नाहीत. डेडलाइन असते, रात्रीचे दोन वाजलेले असतात, नावं लिहिण्याचा तास कुणी बिलात धरत नाही. आणि पाळले, तरी त्यांनी सुख होतंच असं नाही.

गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलांचं समूहगीत केलं. अठ्ठावन्न ट्रॅक. शेवटी म्यूट असलेली नावं वाचत गेले. पाच जणांचे टेक खराब होते आणि त्यांचे दुसरे टेक घेतलेले होते. सहाव्या मुलाचा एकच टेक होता आणि तो खरंच बसत नव्हता. ओढून पाहिला, सूर दुरुस्त करून पाहिला, खूप हळू ठेवून पाहिला. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. गाळायचं ठरवलं. मग त्याचा नंबर शोधला आणि गाणं बाहेर पडायच्या आधी त्याला फोन केला.

'तुझा आवाज मी घेतलेला नाही,' मी सांगितलं, आणि का ते सांगितलं.

तो आधी गप्प राहिला. मग चिडला. म्हणाला, घरच्यांना सांगून बसलोय, आणि तुम्ही कोण ठरवणार? बरंच बोलला. मी ऐकून घेतलं. त्याने फोन ठेवला तेव्हा मला वाईट वाटत होतं, आणि प्रोजेक्टमध्ये त्याच्या नावापुढे म्यूटचं बटण पेटलेलं होतं.